ओल्या भिंतीसारखा सूर

"गुळवणी आपणच का?"

मी मान वर केली. टेबलापलीकडे पासष्टीच्या आसपासच्या एक बाई उभ्या होत्या. फिकट निळी सुती साडी, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली एक चौकोनी कापडी पिशवी. आमच्या वर्तमानपत्राच्या सांगलीच्या कचेरीत अशी माणसं रोज यायची. कुणाला कविता छापून हवी असायची, कुणाला नातवाचा फोटो.

"हो. बसा ना."

"मी कुमुदिनी तांबवेकर."

मी उभा राहिलो. खुर्ची मागच्या कपाटावर आपटली. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वळून पाहिलं आणि नाव कानावर पडलेलं असल्यामुळे लगेच माना खाली घातल्या.

अकरा दिवसांपूर्वीच्या रविवारच्या पुरवणीत मी या बाईंबद्दल लिहिलं होतं.

ही दोन हजार एक सालची गोष्ट. मी एकतीस वर्षांचा होतो आणि पुरवणीत 'पुन्हा ऐकताना' नावाचं सदर चालवत होतो. आपल्या लहानपणी घराघरांत वाजलेल्या जुन्या रेकॉर्ड आणि कॅसेट आज ऐकल्या तर कशा वाटतात, असा विषय. सुरुवात मी प्रेमानं केली होती, हे खरं सांगतो. पहिल्या लेखासाठी मी एक बालगीतांचा संच काढला. लहानपणी तो आम्हाला तोंडपाठ होता. आता ऐकला तर त्यात दर दोन गाण्यांमागे मास्तर छडी मारत होते आणि मागे मुलं खिदळत होती. दुसऱ्या लेखात एक विनोदी कॅसेट घेतली. तिच्यावर आमचं अख्खं घर पोट धरून हसायचं. अर्धा तास फक्त काळ्या नवरीची टिंगल होती. मला खरोखर वाईट वाटलं, आणि जे वाटलं ते मी लिहिलं. वाचकांची पत्रं आली. 'तुम्ही आमच्या मनातलं लिहिलंत' असं म्हणणारी बरीच, शिव्या देणारी थोडी. चौथ्या लेखापर्यंत माझ्या ध्यानात आलं होतं, की रेकॉर्ड जितकी वाईट ठरते तितकी पत्रं जास्त येतात.

पाचवी होती 'पाऊलभर उजेड'. आठ भावगीतांची एलपी, चौऱ्याहत्तर सालची. कुमुदिनी तांबवेकर या मिरजेच्या शाळेतल्या शिक्षिका. ही त्यांची एकुलती एक रेकॉर्ड. ज्या कंपनीनं ती काढली ती पुढं दोन-तीन वर्षांत बंद पडली, पण गाणी रेडिओवर लागत राहिली. आमच्या भागात तरी लग्नाच्या मांडवात सकाळी सनई झाली की यातलं एखादं गाणं असायचंच.

मी लिहिलं होतं, की हे शब्द आता ऐकवत नाहीत. लिहिलं होतं, की सतार जिथंतिथं मधे येते. आणि आवाजाबद्दल लिहिलं होतं, 'हा सूर ओल्या भिंतीसारखा आहे. विश्वासानं टेकायला जावं तर खचतो.' त्या एका वाक्यासाठी मला सात फोन आले होते.

बाई बसल्या. पिशवी मांडीवर ठेवली.

"भांडायला आले नाही," त्या म्हणाल्या. "शब्दांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला पटलंय. आठातल्या पाच गाण्यांत ती बाई दारात उभी राहून वाट बघतेय. गाणी लिहिली आमच्या ह्यांनी. मी तेव्हाच म्हटलं होतं, अहो, हिला एकदा तरी खाली बसू द्या."

मला हसू आलं. त्याही थोडंसं हसल्या.

"सतारीचंही खरं आहे. ते सतारवाले कंपनीच्या मालकांचे मेहुणे होते." मग त्यांनी पिशवीच्या कडेवरून बोट फिरवलं. "आवाजाचं मात्र विचारायचंय. तुम्ही कशावर ऐकलंत?"

"कॅसेटवर."

"आमची कॅसेट निघाली नव्हती."

"आईनं भरून घेतली होती. ब्याऐंशी साली, शेजाऱ्यांच्या रेकॉर्डवरून."

"आणि वाजवलीत कशावर?"

"घरच्या टू-इन-वनवर."

"हं." त्यांनी घड्याळ पाहिलं. "आत्ता दीड-दोन तास मोकळे आहात? मिरजेला येऊन जायचंय. मी आणून सोडते असं म्हणाले असते, पण माझ्याकडे सिटी बसच आहे."

नाही म्हणायला कारण होतं, उद्याची पानं लागायची होती. पण शेजारचे दोघं ऐकत होते. मी निघालो.

बसमध्ये आम्हाला बाकडं मिळालं. विश्रामबाग मागं पडलं. मग बाई खिडकीतून बाहेर बघतच म्हणाल्या, "पेपर वाचल्यावर मला राग आला नाही. तेच वाईट झालं."

"म्हणजे?"

"राग आला असता तर दोन दिवसांत उतरला असता. मला ते खरंच वाटलं." त्यांनी पिशवी सरळ धरली. "माझ्याकडे प्लेअर नाही. हे गेले त्याच वर्षी तो बिघडला, मग दुरुस्त करायचं राहूनच गेलं. पंधरा-सोळा वर्षांत मी स्वतःची रेकॉर्ड ऐकलेली नाही. रेडिओवर लागली की लोक सांगायचे, बाई, काल तुमचं गाणं लागलं होतं, काय सुंदर! तेवढंच माझ्याजवळ. तुमचं वाचलं आणि वाटलं, की मी बेसूरच असणार. लोक सत्तावीस वर्षं माझं मन राखत आले."

एका थांब्यावर बस थांबली आणि पुन्हा निघाली.

"माझ्याकडे एक डॉक्टरीणबाई शिकायला येतात. पन्नाशीच्या आहेत. सोमवारी त्यांच्यासमोर षड्ज लावला आणि मधेच थांबले. विचारलं, बरोबर लागला का हो? त्या बिचाऱ्या घाबरल्या. त्यांना वाटलं मी परीक्षा घेतेय." त्या पुन्हा हसल्या, पण या वेळी डोळे हसले नाहीत. "आठ दिवस मी तंबोरा काढला नाही. नवव्या दिवशी म्हटलं, जे असेल ते एकदा ऐकून तर घेऊ."

मिरजेत दर्ग्याच्या मागच्या गल्लीत एक अरुंद दुकान होतं. रेडिओ, टेप, पंख्यांच्या मोटारी यांची चळत छतापर्यंत गेलेली. मधल्या चिंचोळ्या जागेत एक सडपातळ गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून बसलेले. बाईंना पाहताच ते उठले आणि त्यांनी स्टुलावरची सोल्डरिंग गन बाजूला केली.

"या बाई. हेच का ते?"

"हेच. गुळवणी, हे दस्तगीर मुल्ला. यांच्या मुलीला मी शाळेत शिकवलंय."

दस्तगीरभाईंनी मला नमस्कार केला. फार आदरानं केला, आणि त्यामुळंच मला घाम फुटला. बाईंनी पिशवीतून एलपी काढली. कव्हरवर हातात निरांजन घेतलेली एक बाई उंबऱ्यात उभी. कव्हराचे कोपरे चिकटपट्टीनं सांधलेले होते. दस्तगीरभाईंनी रेकॉर्ड कडेला धरून उजेडात तिरपी केली, मऊ फडक्यानं पुसली आणि प्लेअरवर ठेवली.

"तुम्ही ज्या गाण्याबद्दल लिहिलंत तेच लावते," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या बाजूचं पहिलं."

सुई टेकली. थोडी खरखर झाली, मग सतार. ती आजही मधे मधेच येत होती. आणि मग आवाज लागला.

माझ्या ओळखीचा नव्हता तो. मी जो ऐकला होता तो घोगरा होता, ओढत चालणारा, प्रत्येक लांब स्वराच्या शेवटी खाली कलणारा. हा आवाज बारीक होता, कोवळा, आणि एकदम निर्धास्त. अंतऱ्यात एक जागा येते, तिथं त्या वरच्या स्वरावर जाऊन थांबतात. याच जागेबद्दल मी ओल्या भिंतीचं वाक्य लिहिलं होतं. त्या गेल्या आणि थांबल्या. सतार थांबली, तबला थांबला, बाई तिथंच. मी मनात मोजत होतो, आता खचेल, आता खचेल. सूर जसाच्या तसा राहिला. मग त्यांनी तो सोडला, आपण होऊन, जसा हातातला पेला अलगद खाली ठेवावा तसा.

बाई जमिनीकडे बघत ऐकत होत्या. त्यांचं एक बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं.

गाणं संपलं. दस्तगीरभाईंनी सुई उचलली.

"टेपचा बेल्ट सैल पडला की असंच होतं साहेब," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मोटर फिरती, पण चाकाला वढ लागत न्हाई. आवाज जड येतो, लांबतो, मधेच हेलकावा खातो. पोरीचं गाणं लावा, म्हातारी गातीय असं वाटंल." मग चष्मा डोळ्यांवर घेत त्यांनी विचारलं, "ऐकताना ध्यानात न्हाई आलं?"

बाईंनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आरोप नव्हता. वर्गात एखाद्या मुलाला, खिडकी तू फोडलीस का, असं विचारून त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवायला तयार असलेल्या शिक्षकाचा चेहरा असतो, तसा होता.

"नाही," मी म्हणालो. "खरंच नाही आलं."

"मग चूक झाली," बाई म्हणाल्या. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. "चूक होते माणसाची. दोन ओळी लिहाल? बाकीचं काही मागं घेऊ नका. शब्दांबद्दल नको, सतारीबद्दल नको. फक्त एवढंच, की यंत्र बिघडलं होतं आणि आवाज तसा नाही."

"लिहितो. या रविवारीच लिहितो."

"घाई अशासाठी, की डिसेंबरात वाचनालयाचा कार्यक्रम आहे. सत्कार आहे माझा. चार गाणी म्हणायची असं ठरलं होतं. परवा त्यांच्यातले एकजण घरी आले. म्हणाले, ताई, वयाला त्रास नको, तुम्ही नुसत्या बसा आणि शाल घ्या." त्यांनी एलपी कव्हरात सरकवली. "मला काही त्रास नाहीये."

परतीच्या बसमध्ये मी एकटाच होतो. मनात वाक्यं जुळवत होतो, आणि ती चांगली जुळतही होती.

पुरवणीचे संपादक देशिंगकर होते. सज्जन माणूस. त्यांना मी सगळं सांगितलं, म्हणजे दुकानापर्यंतचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सुपारी कातरत म्हणाले, "लिही की. तुझं सदर आहे, तू ठरव."

"लिहितोच आहे."

"फक्त एक बघ. बाकीच्या चार लेखांबद्दल लोक विचारतील. त्या रेकॉर्ड कशावर ऐकल्यास म्हणून."

"त्याच टेपवर. पण तेव्हा तो नीट होता."

"असेल. मी म्हणतो, लोक विचारतील." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "पुण्याचं काय झालं तुझं?"

पुण्याच्या एका मोठ्या वर्तमानपत्रानं हे सदर त्यांच्याकडं चालवायचं विचारलं होतं. नोकरीसकट. महिनाअखेरीस कळवतो म्हणाले होते.

शुक्रवारी दुपारी मी लिहायला बसलो. पहिला मसुदा सरळ होता. 'गेल्या लेखात माझ्याकडून एक गंभीर चूक झाली आहे,' अशी सुरुवात. तो वाचला आणि मला तो पुण्याच्या संपादकांच्या टेबलावर पडलेला दिसला. मी 'गंभीर' खोडलं. मग 'माझ्याकडून' खोडलं. मग ते वेगळं टिपण नको, पुढच्या लेखाच्या शेवटी जोडू, असं ठरवलं. चहा पिऊन आलो. शेवटी जे छापून आलं ते असं: 'पाऊलभर उजेड या संचाच्या मूळ तबकडीवरील ध्वनिमुद्रण कॅसेटपेक्षा अधिक सुश्राव्य असल्याचे काही वाचकांनी कळवले आहे.'

एरवी मी बोलल्यासारखं लिहायचो. हे एकच वाक्य सरकारी निवेदनासारखं होतं. देशिंगकरांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पान पुढं सरकवलं.

सोमवारी मी बाईंच्या फोनची वाट पाहिली. मंगळवारीही. त्या काही बोलतील, रागावतील, मग मी म्हणेन की जागा कमी होती, पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहितो. त्यांचा फोन आला नाही. पुण्याचा आला. जानेवारीअखेर रुजू व्हायचं ठरलं.

डिसेंबरात वाचनालयाच्या कार्यक्रमाला मी गेलो. मागं, दाराजवळ उभा राहिलो. व्यासपीठावर पाच खुर्च्या होत्या, बाई कडेच्या खुर्चीवर. बाजूला सतरंजीवर हार्मोनियम आणि तबला मांडून ठेवलेला होता, म्हणजे कुणीतरी तयारी केली होती. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. मग सभागृहातून दोन-चार जण ओरडले, "बाई, गाणं! गाणं होऊ द्या!" अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाई उठल्या, माईकजवळ आल्या. त्यांनी त्या मांडून ठेवलेल्या वाद्यांकडे पाहिलं.

"आज घसा ठीक नाही," त्या म्हणाल्या. "क्षमा करा."

बोलण्यात घसा ठणठणीत होता. तो सगळ्यांना ऐकू आला.

माझ्या शेजारी उभा असलेला एक माणूस आपल्या सोबत्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "ओली भिंत." दोघं तोंड दाबून हसले. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती आधीच सांगायला हवी होती, मी मागं ठेवली.

लेख लिहिला त्या रविवारी दुपारी मी घरी एकटा होतो. बायको, सुमेधा, माहेरी गेलेली. मी कॅसेट लावून वही घेऊन बसलो. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यापाशी मला ते ओल्या भिंतीचं वाक्य सुचलं. अशी वाक्यं सुचली की लिहिणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, तसा आला. त्या भरात मी लिहीत गेलो. दुसरी बाजू संपली तरी उठलो नाही. टेप फिरतच होता, नुसती खरखर. आणि मग त्या खरखरीतून एक आवाज आला.

"चालू झालं का हो? ... हे लाल दिसतंय ते? ... शिरीष, बोल की काहीतरी. ... लाजतोय."

माझी आई. कॅसेट भरून झाल्यावर उरलेल्या जागेत तिनं माईक लावून पाहिला असणार. तिला जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती आणि तिचा आवाज आमच्याकडे कुठंही नव्हता. निदान मला तसं वाटत होतं.

पण तो आवाज तिचा नव्हता. जाड, घोगरा, एखादा पुरुष झोपेतून उठून बोलावा तसा. आईचा आवाज आमच्या आळीत प्रसिद्ध होता. ती गच्चीवरून हाक मारायची तर चौकातल्या दुकानात बसलेले वडील उठून उभे राहायचे. इतका पातळ आणि धारदार. मी टेप मागं घेतला, पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. आणि मोठ्यानं म्हणालो, "ही आई नाही."

म्हणजे मला कळलं होतं. यंत्र ओढतंय हे कळायला त्याहून अधिक काय लागतं? समोर वहीत ते वाक्य होतं. पंधरा मिनिटं मी त्या वाक्याकडे आणि टेपकडे आळीपाळीनं बघत बसलो. मग स्वतःला म्हटलं, कॅसेटचं शेवटचं टोक ताणलं जातं, तेवढाच भाग खराब असेल. गाण्यांचा भाग बरा असेल. शेजारी कुणाकडेही टेप मागता आला असता. मी गेलो नाही. सोमवारी सकाळी लेख दिला.

दस्तगीरभाईंनी ध्यानात आलं नाही का असं विचारलं तेव्हा मी कशाला नाही म्हणालो, ते हे.

जानेवारीत पुण्याला जायच्या आधी, सामान बांधताना टू-इन-वन हाती आला. तो तसाच घेऊन मी मिरजेला गेलो. सांगलीत दुरुस्तीची तीन दुकानं होती. तरी मी तिथंच का गेलो, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

दस्तगीरभाईंनी मला ओळखलं. हात पुढं केले. मी टेप दिला, कॅसेटही दिली.

"जड वाजतोय," मी म्हणालो. "या कॅसेटच्या शेवटी माझ्या आईचा आवाज आहे. तो नीट यायला हवा."

त्यांनी मागचे स्क्रू काढले, बोटानं तो रबरी बेल्ट उचलून मला दाखवला. शेवयासारखा लोंबत होता. नवा घातला, तेलाचा थेंब सोडला, आणि कॅसेट शेवटपर्यंत पुढं नेऊन बटण दाबलं.

"चालू झालं का हो?"

आईच. अगदी तीच. गच्चीवरची. "हे लाल दिसतंय ते? ... शिरीष, बोल की काहीतरी." मी दुकानाच्या दारात पाठ फिरवून उभा राहिलो. गल्लीतून एक हातगाडीवाला गेला. दस्तगीरभाईंनी मला रडू दिलं. "लाजतोय," आई म्हणाली, आणि आता पहिल्यांदाच कळलं, की ती ते हसत हसत म्हणाली होती. जड आवाजात ते हसू कळतच नव्हतं.

"फार दिवस बिघडलेला का?" मागून त्यांनी विचारलं.

"हो ना."

"आईचा आवाज जड येतोय हे कधी कळलं?"

"नोव्हेंबरात. पहिल्या रविवारी," मी डोळे पुसत म्हणालो.

बोलून गेलो आणि मग मला ऐकू आलं मी काय बोललो ते. मी वळलो. दस्तगीरभाई स्क्रू बसवत होते. लेख नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी छापून आला होता. त्यांना तारीख पाठ असणार. बाईंनी तो अंक त्या दुकानात नेऊन दाखवला होता. त्यांनी शेवटचा स्क्रू आवळला, टेप फडक्यानं पुसला आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

मी पुण्याला गेलो. सदर तिथं आणखी गाजलं. तीन वर्षांनी त्याचं पुस्तक करायचं ठरलं. प्रकाशक पहिल्याच भेटीत म्हणाले, "ते ओल्या भिंतीचं हवंच हं. लोकांना पाठ आहे." मुद्रितं माझ्याकडे जवळजवळ तीन आठवडे होती. लेखाखाली एक तळटीप टाकायला कुणाची परवानगी लागत नव्हती. मी त्या लेखातल्या दोन वेलांट्या सुधारल्या. 'काही वाचकांनी कळवले आहे' हे वाक्य तर दुसऱ्याच लेखाच्या शेवटी होतं, आणि तो लेख आम्ही पुस्तकात घेतलाच नाही.

प्रकाशन सांगलीत ठेवलं. आपल्या गावात असावं, असं माझंच म्हणणं. सभागृह भरलं होतं. कार्यक्रम झाल्यावर व्यासपीठावरच एका कडेला टेबल टाकून मी सह्या द्यायला बसलो. रांग बरीच लांब होती. मी मान खाली घालून नाव विचारायचो, लिहायचो, पुस्तक परत द्यायचो.

"नाव?"

"तांबवेकर. कुमुदिनी."

पेन तिथंच राहिलं. त्या पहिल्यापेक्षा वाळल्या होत्या. काठी नव्हती, पण एका हातानं टेबलाची कड धरली होती. दुसऱ्या हातात नवं कोरं पुस्तक.

"बाई, तुम्ही कशाला..."

"विकत घेतलंय. सही हवी ना त्याच्यावर."

"बाई, त्या लेखाचं मी..."

"अजून वाचलं नाही. घरी जाऊन वाचीन." त्यांनी पुस्तक उघडून पहिलं पान माझ्यासमोर सपाट केलं. मग थोडं वाकून, मागच्या माणसांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं, "आई नीट ऐकू येते ना आता?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. आवाजात कुठं टोचणी आहे का ते मी शोधलं. त्या क्षणी मला ती हवी होती. नव्हती.

"दस्तगीर म्हणाला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही टेप नेलात त्याच दिवशी संध्याकाळी येऊन सगळं सांगून गेला. बेल्ट चांगला घातलाय म्हणाला. पुष्कळ वर्षं टिकेल."

"हो," मी म्हणालो. "नीट येते."

"बरं झालं. आईचा आवाज आहे, तो चुकीचा राहायला नको."

मागून कुणीतरी म्हणालं, "जरा लवकर करा हो." बाईंनी त्या माणसाकडे वळून, झालंच, अशी मान हलवली.

मी त्यांचं नाव लिहिलं. खाली 'सादर' लिहिलं, सही केली, तारीख घातली. त्यांनी शाई वाळावी म्हणून पानावर हलकेच फुंकर मारली, पुस्तक मिटलं आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली गेल्या.

मी पुढच्या माणसाला नाव विचारलं.